बाजाराला निघालेला किल्ला

१२ ऑक्टोबर २०२५

आक्का,

तुझं पत्र शुक्रवारी हातात पडलं. दसऱ्याच्या आधी घराला चुना दिला, तो मोहिनीनं कालवला आणि मायनं कॉटवर बसून आपल्या नातीच्या चुका काढल्या, हे दोनदा वाचलं. वाचताना ओल्या चुन्याचा वास आला. आपल्या घरात तो वास दसऱ्याचा. एकदाच तो भर उन्हाळ्यात आला होता, आबा गेले तेव्हा. तेराव्याच्या आधी रिवाजाप्रमाणे घर पांढरं केलं होतं आणि माय तोंड फिरवून ओसरीत बसली होती.

चुना देण्याआधी माझं चित्र उतरवून पेटीत ठेवलंस, हे चांगलं केलंस. आता परत लाव, पण मधल्याच खोलीत, मायच्या कॉटसमोर. ओसरीत नको. त्यातलं आभाळ हळदीचं आहे आणि हळदीला ऊन सोसत नाही. दोन उन्हाळ्यांत उडून जाईल.

मायला अजून सगळं दिसतं का ते विचार. किल्ल्याचे कोंबडीसारखे पाय, बुरजाला अडकवलेली पिशवी, घाटाच्या वळणावर बँडवाल्याची टोपी घालून उभी असलेली शेळी, डोळे असलेली सीताफळं, सायकलच्या स्टँडवर लावलेला चंद्र. आणि अगदी वर, खिडकीत, ती स्वतः. चित्र पहिल्यांदा दाखवलं तेव्हा ती म्हणाली होती, "आपल्या धारूरच्या किल्ल्याला पाय कावून काढलेस?"

"बाजारला निघालाय."

"आन् मी?"

"तू वर बसलीस, खिडकीत."

"म्हंजे मला चालायचं न्हाई. मग चांगलं हाय."

आता कामाचं. मी इथे जेलात पॅरोलच्या रजेचा अर्ज दिला आहे. आईचं वय आणि आजारपण, हे कारण. जवळच्या नातेवाइकाची हमी लागते, तिचा कागद सोबत आहे. तू सही केलीस की आपल्या ठाण्यातून चौकशी होईल, मग पुढचं ठरेल.

अजिनाथच्या घरचे काय म्हणतील, ते मला माहीत आहे. चुलतभाऊ होता, बांध एकच होता. तो गेला त्या दिवशी बांधावर आम्ही आठ-दहा जण होतो आणि माझ्याही हातात काठी होती, हे मी कोर्टात नाकारलं नाही. बाकीचे सुटले, मी राहिलो. मी गावात फिरणार नाही, पारावर बसणार नाही, बांधाकडे बघणारसुद्धा नाही. मायला एकदा बघायचं आहे, एवढंच.

पत्राच्या शेवटी तू मायची एक ओळ लिहितेस, ती चुकवू नकोस. या वेळची चांगली होती. 'त्याला म्हनावं लई लिहू नको, आक्काचे डोळे जातेत वाचून.'

तुझा,
शिवशंकर


३० नोव्हेंबर २०२५

आक्का,

मोहिनीनं विचारलंय, किल्ल्याच्या रेघा अशा केसाळ कशा, पेनानं काढल्यासारख्या का वाटत नाहीत. पोरीची नजर चांगली आहे. त्या रेघा मी त्या कागदावर काढल्याच नाहीत. एका पातळ कागदाच्या पाठीला काजळ आणि तिळाचं तेल चोळलं, जरा सुकू दिलं, मग तो कागद जाड कागदावर पालथा घातला आणि वरून शाई संपलेल्या रिफिलनं किल्ला काढला. खाली काय उमटतंय ते काढताना दिसत नाही. जिथे हात टेकतो तिथेही काळं उतरतं, नको तिथे डाग पडतात. ते पुसायचे नसतात. घाटातली धूळ म्हणून मी शिकवायचो त्या कडा गावच्या शाळेतले सगळे मास्तर ज्याचं कौतुक करायचे, तो माझा तळहात आहे.

रंग त्यानंतर. रेघ तेलकट असते, त्यामुळे वरून कितीही पाणी फिरवलं तरी हलत नाही. फळी तिरकी धरायची आणि हळदीचं पाणी वरून खाली उतरवत न्यायचं. हळद विरघळत नाही, तळाला बसते, म्हणून कुंचला दर वेळी ढवळावा लागतो. बाभळीचा डिंक घातला नाही तर वाळल्यावर बोटाला लागते. पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. घाई केली की खालचा रंग उठतो आणि चिखल होतो. शाळेत मी वर्षानुवर्षं हे सांगत आलो आणि पोरं वर्षानुवर्षं चिखल करत आली. बाजारातले दिवे मेणबत्ती घासून केलेत, मेणावर रंग बसत नाही. पांढरा रंग मात्र त्यात कुठेच नाही. पाण्याच्या रंगांत पांढरं म्हणजे सोडून दिलेला कागद. खिडकीतली माय तशीच आहे. तिच्याभोवती सगळं रंगवलं, तिला हात लावला नाही.

मायची या वेळची ओळ वाचली. 'किल्ला जाऊन लई दिस झाले, बाजार उठला आसंल. परत कवा येनार ते इचार त्याला.'

तेव्हा मी दुसरं चित्र काढायला घेतलं आहे. बाजारातून परत येणारा किल्ला. इथे भिंतींवर सुविचार आणि महाराष्ट्राचा नकाशा रंगवून दिला, म्हणून साहेबांनी उरलेला जाड कागद आणि रंगाच्या वड्या मला ठेवू दिल्या. त्यांतला पिवळा मात्र फार कोरडा, वहीच्या पुठ्ठ्यासारखा. मला मायच्या चित्रातलं पिवळंच हवं. भटारखान्यात सिरसाळ्याचा भागवत आहे, बाहेर जनावरांचा दलाल होता. त्याच्याकडे चिमूटभर हळद मागितली.

"हळद मागतो का बे मास्तर? हळद लावायचं वय राहिलंय व्हय तुझं?"

चित्रासाठी म्हणून सांगितलं, तर काम टाकून बघायला आला. बराच वेळ पाय बघत राहिला.

"किल्ल्याला पाय काढलेस, मग आपल्या ह्या भिंतीला बी काढ की. चालत जाईल सिरसाळ्याला. आपुन आत बसूनच जाऊ, पळालो म्हनून केस बी व्हनार न्हाई."

परतीच्या किल्ल्याची पिशवी भरलेली आहे. टोपीवाली शेळी थकून बुरजात बसली आहे. हे चित्र पोस्टानं पाठवणार नाही. रजा मिळाली की स्वतः घेऊन येईन आणि पहिल्याच्या शेजारी खिळा ठोकेन. सहीचं तू काहीच लिहिलं नाहीस.

शिवशंकर


२८ डिसेंबर २०२५

आक्का,

म्हणजे भावकी बसली होती तर. तू सगळं सविस्तर लिहिलंस ते बरं केलंस. अजिनाथचा भाऊ गहिनीनाथ नुसता येऊन बसला आणि साखराबाई काकू एकटीच बोलली, यात मला नवल वाटत नाही. तिचा लेक गेला आहे. 'त्यो आला तर आमी गाव सोडून जातो, मंग राहा तुमी,' हे तिनं म्हणायचंच. पण सही तुला करायची आहे, भावकीला नाही. 'पाडव्यानंतर बघू' असं लिहितेस. मायचा खोकला पाडव्यापर्यंत थांबायला तयार आहे का, ते तिला विचार.

रागावून लिहिलं, राहू देतो. खोडलं तर कागद खराब दिसतो.

चित्र पुढे सरकतंय. मध्ये एक गंमत झाली. इथे तपासणी होती, म्हणून झाडांच्या बुंध्यांना आणि वाटेच्या दगडांना चुना देण्याचं काम निघालं. भागवतला त्यात घातलं होतं. संध्याकाळी तो हात न धुताच आला आणि "बघू रं, कुठवर आला तुझा किल्ला," म्हणत आभाळावर अंगठा टेकवला. आभाळ अजून ओलं होतं. बघता बघता तिथे तांबडाभडक ठसा उठला.

भागवत घाबरला. "रगत न्हाई बरं का माझं," म्हणाला.

मी म्हटलं, हळदीला चुना लागला की असंच होतं, तुझ्या आजीनं घरी कुंकू कधी केलं नव्हतं का? तर म्हणे, "म्हंजे मी आभाळाला कुंकू लावलं. आता नांदवावं लागंल." दोन दिवस तो हेच सगळ्यांना सांगत फिरत होता.

तो ठसा मी तसाच ठेवला. त्याला चोच काढली, तुरा काढला. आता किल्ल्याच्या पुढे एक तांबडा कोंबडा चालतोय.

मायची ओळ मिळाली. 'त्याला म्हनावं माझ्या खोकल्याची चौकशी बास झाली, आपली काठी सांभाळ म्हनावं.' हे असं फक्त तीच बोलू शकते. काठी शब्द लिहिताना तुझा हात थांबलेला दिसतो, तिथे शाई फुटली आहे.

शिवशंकर


८ फेब्रुवारी २०२६

आक्का,

मधे तुझं पत्र आलं नाही, मग एकदम दोन आली. फोनही तू लवकर ठेवलास. मायला ऐकू येत नाही म्हणून तिला फोन देण्याचा प्रश्नच नाही, पण तू तरी बोलायचं होतंस. आवाज बसला होता तुझा. थंडी यंदा इथेही फार होती.

माय बरी आहे, खोकला कमी आहे, दुपारी उन्हात बसते, असं लिहिलं आहेस. दोन्ही पत्रांत तेच, त्याच शब्दांत. अंगणवाडीच्या रजिस्टरात लिहितेस तसं लिहू नकोस. काय खाल्लं, कोणाला शिव्या दिल्या, ते लिही.

तिची ओळ वाचली. 'लेकरा, जेवत जा, तब्येतीला जप, माझी काळजी करू नको.' मायनं मला लेकरा कधी म्हटलं ते आठवून पाहिलं. आठवत नाही. मी शाळेतून पहिला नंबर घेऊन आलो तेव्हाही ती म्हणाली होती, "बाकीची पोरं आजारी व्हती व्हय?" म्हातारपणी माणूस मऊ होत असेल. तसं असेल तर मला लवकर यायला हवं. मऊ झालेली माय मी पाहिलेली नाही.

चित्राला आभाळाचे तीन हात दिले. प्रत्येक हात वाळेपर्यंत थांबायचं, इथे थांबण्याशिवाय दुसरं काम नाही. घाटाला गेरू आणि नीळ. संध्याकाळ दाखवायला बुरजाच्या एका बाजूचा रंग ओल्या फडक्यानं टिपून उचलला, तिथे आता उजेड पडलाय. खिडकी अजून कोरी आहे. पहिल्यात ती पांढरी सोडली होती, या वेळी मायला रंग द्यायचा विचार आहे. कोणता, ते तिला बघितल्यावर ठरवीन.

एक काम मोहिनीला सांग. पहिल्या चित्राचा मोबाइलवर फोटो काढून, धारूरला स्टुडिओत छापून पाठव म्हणावं. दोन्ही शेजारी लागणार, तर पिवळं जुळलं पाहिजे. मला वाटतं मी इथे थोडं गडद केलं आहे.

आणि सही. पाडवा जवळ आला.

शिवशंकर


१५ मार्च २०२६

आक्का,

मोहिनीनं फोटो पाठवला. सोबत तुझी चिठ्ठी नाही, म्हणजे तिनं तुला न विचारता पाठवला असावा. तिच्यावर रागावू नकोस, मीच सांगितलं होतं.

फोटो चांगला आला आहे. पिवळं जुळत नाही, ते माझंच चुकलं, मी डिंक जास्त घातला. पण मी तो फोटो सकाळपासून हातात घेऊन बसलो आहे, ते त्यासाठी नाही.

पहिल्या चित्राच्या आभाळावर तांबडे शिंतोडे आहेत. डाव्या बाजूला जास्त, चंद्रावर दोन मोठे. आणि कागदाच्या खालच्या कडेला, जिथे तो भिंतीला टेकतो, तिथे तांबडं वर चढत गेलंय. दसऱ्याला तू चित्र उतरवून ठेवलं होतंस. तसं तूच लिहिलं आहेस, ते पत्र माझ्याजवळ आहे. म्हणजे दसऱ्यानंतर त्या भिंतीला पुन्हा चुना लागला, आणि या वेळी चित्र उतरवायचं कोणाला सुचलं नाही.

फोटोत चित्राच्या बाजूची भिंत थोडी आली आहे. नवी पांढरी आहे. चित्रासमोर कॉट असते, तिच्या लोखंडी दांड्याची सावली दुपारी चित्राखाली पडते. तिथे काहीच नाही. कॉट हलवली असेल.

मी सगळ्या बाजूंनी विचार केला. एकच गोष्ट जमते. मोहिनीचं लग्न ठरलं असेल, घर रंगवलं असेल, पाहुण्यांसाठी कॉट ओसरीत नेली असेल, आणि मला बोलावता येत नाही म्हणून तू लपवलं असशील. तसं असेल तर मला अजिबात राग नाही. मुलगा कुठला आहे, एवढं लिही.

शिवशंकर


२९ मार्च २०२६

आक्का,

पाडवा झाला. उत्तर नाही.

मुलगा कुठला आहे?

शि.


१२ एप्रिल २०२६

आक्का,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. आज लिहायला बसलो.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी गेली. सकाळी चहा मागितला, तू आणेपर्यंत गेली. म्हणजे मी तुला सहीवरून टोचत होतो, किल्ल्याला संध्याकाळ देत होतो, तेव्हा ती नव्हती. 'उन्हात बसते' हे तू ती गेल्यावर लिहिलंस. 'लेकरा, जेवत जा' हेही तूच लिहिलंस. तुला मायसारखं रागावता येत नाही, तिथेच मला कळायला हवं होतं.

तू लिहिलेलं मी पुन्हा इथे लिहितो, म्हणजे मला नीट कळलंय का ते तुला दिसेल. सकाळीच भावकीचा निरोप आला. शिवशंकरला बोलावणार असाल तर खांद्याला आम्ही येणार नाही, तुमचं तुम्ही न्या. घरात तू आणि मोहिनी. दाजी असते तर गोष्ट वेगळी, त्यांना जाऊनही आता वर्षं झाली. जीपमधून नेता आलं असतं, असं मोहिनी म्हणाली. तू म्हणालीस, माझी माय कोणाच्या खांद्यावाचून जाणार नाही. आणि तू मला कळवलं नाहीस.

मग साखराबाई काकू आली. दोघी जावांनी अजिनाथ गेला त्या दिवसापासून एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. तिनं मायला न्हाऊ घातलं, कोणाला मध्ये येऊ दिलं नाही. वेणी घालताना म्हणाली, "माझा गेला. तुझा असून तुला कामाला आला न्हाई. आता काय भांडतीस, गप पड." आणि अग्नी गहिनीनाथनं दिला.

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. अजिनाथच्या सख्ख्या भावानं माझ्या मायला अग्नी दिला.

तू विचारतेस, मी केलं ते बरोबर केलं का. मला विचारू नकोस. माय रस्त्यात अडली नाही, रीतीनं गेली, ते तुझ्यामुळे. मला तिचा चेहरा दिसला नाही, तेही तुझ्यामुळे. या दोन्ही गोष्टी मी एकाच कागदावर लिहितोय, याहून जास्त मला आज येत नाही.

मंगळवारी तुझं पत्र वाचून मी ते परतीचं चित्र घेतलं आणि हौदाच्या नळाखाली धरलं. भागवत धावत आला, "आरं काय करतो मास्तर," म्हणून. मी ऐकलं नाही. रंग सगळा गेला. गेरू गेला, नीळ गेली, हळद पिवळी होऊन वाहत गेली. भागवत माझ्या हातातून कागद काढून घेईपर्यंत मी पाणी सोडून उभा होतो.

पुढचं नंतर लिहितो.

शिवशंकर


२६ एप्रिल २०२६

आक्का,

रजेचा अर्ज मी मागे घेतला. कारणच राहिलं नाही. सहीचा कागद तुझ्याजवळ असेल तो चुलीत घाल. वर्षश्राद्धाला येता येईल का ते साहेबांनी विचार म्हटलं आहे, पण भावकीला पुन्हा बसवू नकोस. गहिनीनाथ करेल. त्यानं अग्नी दिला, पुढचंही तोच करेल. त्याला माझा नमस्कार सांगू नकोस, त्याला ते आवडणार नाही. तो घरी आला तर चहा दे आणि चित्रासमोर बसव, एवढंच कर.

भागवतनं तो धुतलेला कागद भटारखान्यात दोन ताटांमध्ये दाबून वाळवला. चार दिवसांनी माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "किल्ला न्हाई गेला बघ. तसाच हुबा हाय भाड्या."

खरंच आहे. काजळाची रेघ तेलाची, ती हललेली नाही. पाय आहेत, भरलेली पिशवी आहे, बुरजात बसलेली शेळी आहे. कोंबड्याची चोच आहे, पण अंगठ्याचा ठसा गेला, त्यामुळे तो नुसता तुऱ्याचा आणि चोचीचा राहिलाय. कागदाला हळदीची थोडी झाक राहिली आहे, आजारी माणसाच्या नखांसारखी. त्यावर मी परत पहिला हात दिला आहे. धुतलेला कागद जास्त पाणी पितो, रंग सावकाश वाळतो. वाळू दे.

तू विचारलं आहेस, पहिल्या चित्रावरचे तांबडे डाग कशानं जातील. लिंबाच्या पाण्यात कापसाचा बोळा भिजवून, पिळून, हलकेच टेकवला तर पिवळं परत येतं. मोहिनीला जमेल. पण तुम्ही ते करू नका. माय गेली, हे मला तेराव्याच्या चुन्याच्या त्या डागांनी सांगितलं. ते राहू देत. कोणी विचारलं तर चुना उडाला म्हणून सांग.

एक गोष्ट मी फोटोत भिंग धरून पाहिली. भिंग साहेबांचं. शिंतोडे खिडकीवरही पडले असणार, चंद्रावर पडले तर तिथे पडल्याशिवाय कसे राहतील? पण खिडकीत हळद नव्हती, कोरा कागद होता. तिथे काहीच झालेलं नाही. माय जशी होती तशी बसली आहे.

आता दुसऱ्या चित्रातली खिडकी भरायची राहिली. तिला बघून रंग ठरवणार होतो, ते आता होत नाही. म्हणून मला एवढं लिही की साखराबाई काकूनं तिला कोणतं लुगडं नेसवलं होतं. घरातलं होतं की तिनं आपलं आणलं होतं, तेही लिही. हिरवं म्हणून नुसतं लिहू नकोस. तुझं हिरवं आणि माझं हिरवं लहानपणापासून कधी जुळलं नाही. बाजारात दोऱ्यांच्या दुकानात जा, बघ, डोळे मिटून आठव, परत बघ. त्याच रंगाचा दोरा मिळाला की वीतभर तोडून पाकिटात घाल. इथे पत्र उघडून बघतात, पण दोऱ्याला कोणी अडवणार नाही. मी साहेबांना सांगून ठेवलं आहे.

तोवर खिडकी कोरी ठेवतो.

शिवशंकर